आजोबांच्या वजनाचे लाडू

त्या रविवारी शौनकला मिळण्यासारखं काय काय होतं, ते आधीच मांडून ठेवू. पुढच्या धांदलीत राहून जाईल. मिळायचा होता शनिवार पेठेतला गाळा. दहा बाय चौदाचा, शटर वर करताना गळा काढणारा, पण रस्त्याला तोंड असलेला. तो मिळाला की स्कूटरच्या डिकीतून चालणारं दुकान बंद झालं असतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी तो कुणापाशी कबूल करणार नव्हता: जेवणाच्या टेबलावर बाप त्याच्याशी पुन्हा 'भाजी सरकव'च्या पलीकडचं काही बोलला असता. गमावण्यासारखंही नेमकं एवढंच होतं. सगळं आजोबांच्या अटीवर लटकलेलं.

अट आठवडाभरात घरात सगळ्यांना पाठ झाली होती. यज्ञेश्वर रिसबूड, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, त्या महिन्यात हजार पौर्णिमांचे धनी होत होते. सहस्रचंद्रदर्शन म्हटलं की तुला आली. शौनक आणि आमोद, म्हणजे त्यांचा नातू आणि मुलगा, गाळ्यावरून रोज सकाळी चहाबरोबर भांडत होते, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि निकाल दिला.

"माझी तुला तुझ्या लाडवांनी. आलेल्या लोकांना तेच वाटायचे. कशाचे म्हणून कुणी विचारलं तर खरं सांगायचं. आणि तुझा लाडू खाऊन एकानं जरी 'चढली' म्हटलं, तर गाळा आमोद म्हणेल त्याला."

"आजोबा, पण भांगेच्या बियांत चढण्यासारखं काही नसतंच!"

"हे तू मला शिकवतोस? जी काय नशा असते ती मादीच्या फुलोऱ्यातल्या राळेत. धुतलेल्या, भाजलेल्या बीमध्ये तेल असतं, प्रथिनं असतात आणि तुझा नफा असतो. पण दुकान तू मला काढणार नाहीस, शनिवार पेठेत काढणार आहेस. तिथं काय आहे याला कोण विचारतो? लोकांना काय वाटतं, ते बघू."

आमोदला ही अट फार आवडली. बँकेत बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ गाळा एका मोबाइलच्या कव्हरवाल्याला भाड्यानं द्यायला बसला होता. "भांग हा शब्द रिसबुडांच्या पाटीवर नको," हे त्याचं पालुपद. "उद्या येरवड्याला डबा कोण नेणार? मीच ना?"

"अहो बाबा, बी खायला सरकारनं रीतसर परवानगी दिलीय. माझ्याकडे परवाना आहे. आणि याच गाळ्यात पणजोबा दोर विकायचे ना? अंबाडीचा, तागाचा, आणि उत्तरेतून माल आला तर भांगेच्या सालीचासुद्धा. विहिरीवर पाणी ओढताना कुणाला चढली होती का?"

यावर आमोदनं चहात साखर कमी असल्याचं सांगितलं.

सरोजिनीबाई, यज्ञेश्वरांच्या पत्नी, या सगळ्या वादात एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्याची कुणालाच भीती वाटली नाही, ही घरातल्या सगळ्यांची मिळून एक चूक.

*

एरंडवण्यातल्या कार्यालयाच्या स्टेजवर झेंडूच्या माळा घातलेला उंच तराजू उभा होता. एका पारड्यात गादी. ती गादी सरोजिनीबाईंनी घरून आणली, स्वतः घातली आणि वर उशी ठेवून स्वतः थोपटली. "त्यांना कुठलंही आसन चालत नाही," असं त्यांनी तनयाला सांगितलं. तनया ही शौनकची धाकटी बहीण; आज लाडवांचं खातं तिच्याकडे होतं.

डॉक्टरांच्या काट्यावर आजोबा एकसष्ट किलो भरले होते. शौनकनं अर्धा किलो जास्तीचे वळून आणले होते. भाजलेलं भांगेचं बी, दाण्याचं कूट, गूळ, तूप, वेलदोडा. प्रत्येक लाडू पांढऱ्या कागदी वाटीत. ताटामागून ताट दुसऱ्या पारड्यात चढत गेलं, सनईची कॅसेट लावावी तशी भटजींची वाणी चालू राहिली, शेवटचं ताट चढलं, आणि पारडं होतं तिथंच राहिलं.

"बाबा, पाय वर घ्या," आमोद म्हणाला.

"घेतलेत."

"कशाला धरून बसलाय का?"

"माझ्या वयाला."

"आजोबा, तुम्ही डॉक्टरांकडे बूट काढून वजन केलं होतं ना?" शौनकनं घाम पुसत विचारलं.

"मी सगळं काढून केलं होतं. इथंही तीच अपेक्षा आहे का?"

पहिल्या रांगेत हशा झाला. स्वराली मात्र हसली नाही. आमोदची ही बायको घरातल्या प्रत्येक पोळीचे उष्मांक जाणते. सासरे एका आठवड्यात एवढे कसे वाढले, याची तिनं मनात नोंद केली आणि ती नोंद तशीच ठेवली. ती आपल्याला शेवटी लागणार आहे.

"माझ्याकडे आहेत थोडे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "डिंकाचे. चंद्रभागाच्या नातीसाठी केलेत, बाळंतीण आहे ती. आत्ता घाला, तिला मी नंतर करून देईन."

दोन मोठे स्टीलचे डबे पुढे आले. बाळंतिणीला सहा किलो डिंकाचे लाडू कशाला लागतात, हे पुण्यासारख्या चौकस गावात कुणालाही विचारावंसं वाटलं नाही, कारण स्वयंपाक बाहेर तयार होता. लाडू दिवाळीतून उरलेल्या गुलाबी वाट्यांत होते. ते वर रचले, पारडं एकदाचं खाली आलं, टाळ्या झाल्या, आजोबा जमिनीपासून वीतभर उचलले गेले आणि तिथून त्यांनी सगळ्या जमावाकडे, वर्गात उशिरा आलेल्या मुलांकडे पाहावं, तसं पाहिलं.

मग वाटप. जे शेवटी चढलं ते आधी उतरलं. तनयानं वरची ताटं उचलली आणि पहिल्या दोन रांगांत, घरच्या माणसांत, फिरवली. खालची ताटं मागे गेली, शनिवार पेठेतल्या जुन्या शेजाऱ्यांकडे.

पहिल्या रांगेत चंद्रभागामावशी होत्या, सरोजिनीबाईंच्या धाकट्या बहीण. अर्धा लाडू तोंडात असताना त्यांनी शौनकला थांबवलं. "शौनक, कशाचा रे हा?"

शौनकनं त्यांच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं नाही. अट आठवली, आणि तो पाठ केलेलं बोलला. "भांगेच्या बियांचा, मावशीआजी. पण त्यानं काही होत नाही."

"भांगेच्या?"

"बियांचा."

"बी काय आणि पाला काय, झाड एकच ना?" मावशींनी राहिलेला अर्धा तोंडात टाकला, दुसरा उचलला आणि शेजारच्या बाईंच्या कानाला लागल्या.

*

पाच मिनिटांत पहिल्या दोन रांगांना कळलं. दहाव्या मिनिटाला जाणवू लागलं.

सुरुवात मावशींनी केली. "अगं सरोजिनी, माझे गुडघे कुठे गेले? दुखतच नाहीयेत!" असं म्हणून त्या उठल्या आणि समोर जी बाई सापडली तिचे हात धरून फुगडीला लागल्या. ती बाई कार्यालयाच्या मॅनेजरची बायको निघाली, पण तीही पदर खोचून फिरली. इंद्रजीत, म्हणजे आमोदचे साडू, आहेराचं पाकीट देण्याआधी दोनदा चाचपून बघणारे. त्यांनी पाण्याचा जग घेऊन चाललेल्या वाढप्याला मिठी मारली आणि "तू माझा भाऊ आहेस" असं सांगितलं. वाढपी म्हणाला, "साहेब, जग." दोन निवृत्त मुख्याध्यापिका खुर्चीत खुर्ची अडकवून हसत होत्या; काय झालं विचारलं की एक म्हणायची, "काही नाही!" आणि त्या 'काही नाही'वर दोघी पुन्हा सुरू.

स्टेजवर पारड्यातून उतरलेले यज्ञेश्वर सरोजिनीबाईंकडे झुकले.

"किती वेळ झाला लाडू वाटून?"

"वीस मिनिटं असतील."

"खाल्लेली भांग पोटातून, यकृतातून फिरून डोक्यात जाते. तास, दीड तास घेते. या मंडळींना फारच घाई दिसते."

"आपल्याकडच्यांना सगळ्याचीच घाई," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि अक्षतांचं ताट पुसू लागल्या.

स्वरालीला आपल्याला चढली आहे हे बाराव्या मिनिटाला कळलं, आणि कळताच तिला इतकं हलकं वाटलं की ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि उभ्याउभ्या सात अळूवड्या खाऊन आली. शुद्धीत असताना हे तिनं कुणालाही करू दिलं नसतं. येताना वाटेत नवरा भेटला. आमोद पंख्याकडे एकटक बघत होता.

"स्वराली, हा पंखा हळू फिरतोय की मी?"

"अहो, ऐका. तनयानं हिंजवडीची नोकरी सोडली. मार्चमध्येच. शौनकबरोबर पाकिटं भरते. मला ठाऊक होतं."

"आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"मला चढलीय ना."

आमोदनं विचार केला. उत्तर बिनतोड होतं. "आणखी काय ठाऊक आहे तुला?"

"माळ्यावर कोऱ्या कॅसेटचा खोका आहे. दर दिवाळीला तुम्ही तो खाली काढता, पुसता आणि परत वर ठेवता. मी इतकी वर्षं विचारलं नाही."

"का?"

"तेव्हा चढली नव्हती."

आता आमोदविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी, जी त्याची आई चांगली ओळखून होती. या माणसाला हवेनंही चढते. इंद्रजीतच्या लग्नात कुणीतरी गंमत म्हणून सांगितलं की कोकम सरबतात काहीतरी आहे, तर यानं वरमाईला नाव घ्यायला लावलं होतं. तसं आजही त्याचं डोकं सुटं होऊन तरंगायला लागलं होतं. त्या तरंगत्या डोक्यात एक फारच व्यवहारी विचार आला, बँकेत शोभेल असा: आत्ता मी काहीही बोललो तरी ते मी बोललेलो नसणार.

त्यानं माइककडे पाहिलं.

*

शौनक हात धुण्याच्या बेसिनपाशी भिंतीला टेकून उभा होता. "गेलं, तनया. गाळा गेला. अजून कुणी तो शब्द उच्चारला नाहीये एवढंच. मावशीआजी गरबा खेळतायत!"

"फुगडी आहे ती. दादा, एक मिनिट. पॅनिक होऊ नकोस. मागे बघ."

"काय मागे?"

"मागच्या रांगा. बघ ना. सगळे नॉर्मल आहेत. नुसते वैतागलेत."

खरंच होतं. शनिवार पेठेची मंडळी हाताची घडी घालून, पुढे चाललेला प्रकार पाहत, पानं कधी मांडणार याची चौकशी करत होती. एक आजोबा तिसरा लाडू खात म्हणत होते, "लाडू बरा आहे. गूळ अंमळ जास्त. पण यांच्याकडे आज काय झालंय?"

तनयानं खुर्चीखालून एक वाटी उचलली. मग पुढच्या रांगेतून दुसरी. दोन्ही शौनकपुढे धरल्या. पांढरी. गुलाबी.

शौनकला समजायला दोन क्षण लागले. समजल्यावर तो हसू लागला, मग हसता हसता थांबला. "पण आजोबांची अट... कुणी म्हटलं तर..."

तेवढ्यात माइक खरखरला.

"बाबा," आमोद म्हणाला, "मला चढलीय."

शौनकनं डोळे मिटून घेतले.

"मला चढलीय, म्हणून बोलतो. नाहीतर बोललो नसतो. मी चोवीस वर्षांचा होतो तेव्हा मला त्या गाळ्यात कॅसेटचं दुकान काढायचं होतं. आठवतंय? तुम्ही म्हणालात, दुकानदारी आपल्या रक्तातून गेली, बँकेची परीक्षा दे. दिली. पास झालो, ही माझी चूक. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची दुकानं निघावीत म्हणून कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या." त्यानं माइक दुसऱ्या हातात घेतला, कारण पहिल्या हातात लाडवाची वाटी होती आणि ती ठेवायला त्याला सुचत नव्हतं. "त्या कव्हरवाल्याला मी उद्या नाही म्हणून कळवतो. गाळा माझ्या पोराला द्या. पोरीलाही द्या, तिनं नोकरी सोडलीय, मला आत्ताच कळलं. माझ्यासारखं नको व्हायला यांचं. एवढंच. मला चढलीय."

सभागृहात मावशींचीही फुगडी थांबली होती. स्वरालीनं पदर डोळ्यांना लावला. अळूवडीचं तेल लागलं, पण तिला पर्वा नव्हती.

आमोद स्टेजवरून उतरायला वळला. उद्या सकाळी हे सगळं भांगेच्या नावावर टाकायचं, आणि अट मोडली म्हणून गाळा कव्हरवाल्याला: त्याच्या तरंगत्या डोक्यातही हा परतीचा रस्ता स्वच्छ दिसत होता. बोलूनही झालं आणि द्यावंही लागलं नाही.

"आमोद," यज्ञेश्वर म्हणाले. माइकशिवाय, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची त्यांना सवय होती. "हातात काय आहे तुझ्या?"

"वाटी."

"रंग?"

"गुलाबी. का?"

"खाल्लेल्या लाडवात डिंक लागला?"

"लागला ना. भांगेची चव लपवायला घातला असेल."

"तो लाडू तुझ्या आईचा. त्यात डिंक, खारीक, खोबरं. शौनकचे सगळे मागे गेलेत पांढऱ्या वाटीतून, आणि ते खाणारे अर्धा तास जेवणाची वाट बघतायत." मागून एक आवाज आला, "पाऊण तास!" यज्ञेश्वरांनी मान तुकवून दुरुस्ती स्वीकारली. "पुढच्या दोन रांगांनी मात्र डिंक खाल्ला, कानावर भांग पडली, आणि झिंगले. अशी विभागणी करायला मला प्रयोगशाळेत दोन सत्रं लागली असती."

सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. आपापली वाटी. गुलाबी, गुलाबी, गुलाबी. इंद्रजीतनी वाढप्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि पाकीट चाचपलं. मुख्याध्यापिकांनी खुर्च्या सोडवल्या.

"अट होती शौनकचा लाडू खाऊन चढण्याची," यज्ञेश्वर पुढे म्हणाले. "तेव्हा आता तूच ठरव. एक तर डिंक चढतो. तसं असेल तर गावातल्या सगळ्या बाळंतिणींना कळवायला हवं. नाहीतर तू आत्ता जे बोललास ते शुद्धीत बोललास."

आमोद उभा राहिला. बाहेर पडायची दोनच दारं, आणि एकातून गेलं की सहा महिने पुण्यात डिंकावर झिंगलेला माणूस म्हणून फिरायचं. त्यानं स्वरालीकडे पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, बहुतेक वेळा ती त्याच्याच बाजूनं बोलत आली होती. आज तिनं फक्त भुवया वर केल्या. मग त्यानं शौनककडे पाहिलं.

"शुद्धीत," तो म्हणाला. आणि मग, हे कुणी मागितलं नसताना, पुन्हा माइकमध्ये म्हणाला, "शुद्धीतच बोललो."

"कॅसेटचं दुकान दहा वर्षांत बंद पडलं असतं," यज्ञेश्वर म्हणाले.

"ठाऊक आहे."

"पण तुझं पडलं असतं." ते मागच्या रांगांकडे वळले. "पानं मांडा."

टाळ्या कुणी सुरू केल्या ते कळलं नाही. बहुधा मागच्या रांगांनी, पानांसाठी. शौनक धावत आला आणि बापासमोर येऊन नुसताच उभा राहिला. मिठी मारायची की वाकायचं, हे त्याला ठरवता येईना. आमोदनं त्याच्या हातातली पांढरी वाटी घेतली, लाडू फोडला, चघळला.

"गूळ जास्त आहे," तो म्हणाला. "मागचे म्हणतात ते खरंय. आणि शटरला आधी तेल घाल. वरून नाही, बाजूच्या पट्टीत. मला ठाऊक आहे ते."

मावशींना खुर्चीपर्यंत धरून न्यावं लागलं. "गुडघे परत आले गं," त्या कण्हल्या, आणि मग सावरून म्हणाल्या, "पण डिंकानं गुडघे बरे होतात, हे मी आधीपासून सांगत होते."

*

संध्याकाळी घरी यज्ञेश्वर आरामखुर्चीत तिरके बसले होते.

"सरोजिनी, पुढच्या वेळी खल निदान पंच्यात गुंडाळ. आणि बत्ता आडवा ठेव. एक तास टोचत होता."

"तुम्हाला कळलं होतं?"

"लोखंडी खलबत्त्यावर बसलेल्या माणसाला कळतं. डिंकाचे डबे पाहिले तेव्हा कारणही कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तराजूत बसलेल्यानं बोलायचं नसतं." त्यांनी कूस बदलली. "आमोद पुढच्याच रांगेत बसणार, हे धरून चालली होतीस?"

"मुलगा आहे तो माझा. मागे कुठे बसेल? आणि वरचं ताट आधी उतरतं, हे मला तनयाला सांगावंही लागलं नाही."

तेवढ्यात स्वराली आली. हातात कागद नव्हता, पण असल्यासारखी बोलली. "बाबा, सदुसष्ट किलो म्हणजे आठवड्यात सहा वाढले. हे बरोबर नाही. उद्यापासून भातावर तूप बंद, पोह्यांवर खोबरं बंद, दुपारचा पेढा बंद. तीन महिने. मग पुन्हा वजन करू."

यज्ञेश्वरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं स्वयंपाकघराच्या दिशेनं पाहिलं, जिथं खलबत्ता फळीवर परत जाऊन बसला होता. खरं सांगितलं असतं तर तूप परत मिळालं असतं. आणि उद्या सकाळी आमोद म्हणाला असता, हा सगळा बनाव होता, मग माझाही शब्द गेला.

"तीन महिने?" यज्ञेश्वर म्हणाले. "बरं."

तर असं झालं. शौनकला गाळा मिळाला, तनयाला त्यात अर्धा वाटा. आमोदला तेलाचा डबा आणि रोज सकाळी शटरपाशी उभं राहून सूचना देण्याचा हक्क. कव्हरवाल्याला नकार, मावशींना गुडघे, इंद्रजीतना एक भाऊ, ज्याला ते पुन्हा भेटणार नाहीत. चंद्रभागामावशींच्या नातीला डिंकाचे लाडू नव्यानं वळून मिळाले, पांढऱ्या वाटीत. सरोजिनीबाईंना जे हवं होतं ते मिळालं आणि कुणाला कळलंही नाही, हे त्यांना दुप्पट मिळालं.

आणि या सगळ्याचं बिल, नव्वद दिवस, रोज दुपारी एक वाजता, कोरड्या भाताच्या ताटासमोर बसून, यज्ञेश्वर रिसबुडांनी भरलं.